निरोप, जसाच्या तसा

टपालकाकांना खुर्ची पुढे केली की ते तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. शिक्षकांच्या खोलीत त्यांना बसलेलं मी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. एक पाय दाराच्या आत, एक बाहेर, उजव्या हातात किल्ल्यांचा जुडगा आणि तो सारखा वाजायचा. वह्या तपासताना त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. काका, एक तर बसा, नाहीतर निघा, असं मी कितीदा सुनावलं असेल. ते ओशाळं हसून जुडगा खिशात टाकायचे आणि दोन मिनिटांनी तो पुन्हा हातात यायचा.

ते आमच्या शाळेतल्या मुलांची व्हॅन चालवायचे. पूर्वी कुठल्याशा कारखान्याचा माल पोचवायच्या गाडीवर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली, मागच्या बाकांना स्वतः रेक्झिन चढवलं आणि खोक्यांच्या जागी मुलं बसवली. खोकी बरी, ती ओकत नाहीत, असं म्हणायचे. चौदा मुलं, अकरा घरं. शेवटचं मूल उतरलं की बाकांखाली तीनदा वाकून बघायचे, कोणी झोपून राहिलं नाही ना. मग चारही दारं ओढून बघत गाडीभोवती एक फेरी. त्यांच्या बायकोने एकदा मला सांगितलं होतं की हा माणूस जेवतोसुद्धा उभ्याने, आणि भाजी अळणी असली की तसं तोंडावर सांगतो. जगाशी गोड बोलतात, घरी मात्र सगळं सडेतोड, असं त्या म्हणाल्या. तेव्हा मी नुसती हसले. त्या जे सांगत होत्या ते मला फार उशिरा समजलं.

टपालकाका हे नाव आम्ही शिक्षिकांनी ठेवलेलं. त्याचं मूळ आमच्या मुख्याध्यापिकांच्या फतव्यात होतं. चित्रकलेच्या शेऱ्यावरून एका वडिलांनी एका शिक्षिकेला सुट्टीच्या दिवशी सोळा वेळा फोन केला, तेव्हापासून कोणीही आपला नंबर पालकांना द्यायचा नाही असं ठरलं. फोनवर पालकांचा एक ग्रुप होता, पण त्यात लिहायच्या फक्त मुख्याध्यापिका. पालकांनी खाली अंगठ्याचं चित्र टाकायचं. पालकसभा वर्षातून दोनदा, कामाच्या दिवशी सकाळी अकराला, दर पालकाला चार मिनिटं. आमच्या मुलांच्या बहुतेक आया शहराच्या दुसऱ्या टोकाला शिलाईच्या कारखान्यांत कामाला. तिथे आत जाताना फोन दारावरच्या पेटीत ठेवावा लागे. म्हणजे मलाही रोज भेटणारा आणि त्या आयांनाही रोज भेटणारा माणूस अख्ख्या जगात एकच होता.

शाळा सुटली की आम्ही शिक्षिका व्हॅनच्या खिडकीशी रांग लावायचो. याच्या आईला हे सांगा, तिच्या वडिलांना ते सांगा. मी बोलायला फटकळ. हे मला माहीत आहे, माझ्या सासूलाही माहीत होतं. त्या जुळ्यांच्या आईला सांगा, दप्तरात पुस्तकं भरायची असतात, खेळण्यांचं दुकान नाही, असं मी बजावायचे. काका ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघायचे, मान डोलवायचे आणि गाडी काढायचे. दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं: जुळ्यांच्या आई म्हणाल्या, बाईंचं किती बारीक लक्ष असतं, आम्ही नशीबवान.

मला काहीच कळत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. माझ्या तिखट बोलण्याला इतकी गोड उत्तरं येतात म्हणजे मधे कुठेतरी पाणी मुरतंय, हे कोणालाही कळलं असतं. पण ते सोयीचं होतं. मी रागावून मोकळी, तिकडे आई खूश, आणि भांडण कोणाशीच नाही. मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची, सात वर्षांची, बारीक, दोन घट्ट वेण्या. अक्षर मोत्यासारखं, पण ओळ अर्ध्यात तुटलेली. वाचायला उभी केली की छान वाचायची आणि मधेच थांबायची. डोळे पुस्तकावर नाहीत, माझ्यावर नाहीत, कुठेच नाहीत. मी हाक मारायचे, ती ओ द्यायची नाही. मी टेबलावर पट्टी आपटायचे, तरी नाही. मग आपल्याआपणच पुढचा शब्द वाचायला लागायची, जणू काही झालंच नाही. मुलांनी तिचं नाव स्टॅच्यू ठेवलं होतं. ती थांबली की सगळा वर्ग एका सुरात स्टॅच्यू म्हणायचा. पहिल्यांदा त्यांनी तसं म्हटलं तेव्हा मलाही हसू आलं होतं, आणि हे मी लिहिते आहे कारण ते मला अजून टोचतं.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल, तेव्हा मी तिच्या आईला पहिला निरोप धाडला. मुलगी वर्गात असून नसल्यासारखी असते, हाक मारली तरी बघत नाही, जरा लक्ष द्या. काका दुसऱ्या दिवशी म्हणाले, आईंनी नमस्कार सांगितलाय, अभ्यास घेते म्हणाल्या. फरक शून्य. पुढच्या महिन्यात मी दुसरा निरोप दिला, की हे ती दिवसातून पाच-सहा वेळा करते, मुद्दाम करते, घरी फार लाड झालेले दिसतात. उत्तर पुन्हा नमस्काराचंच. मला त्या बाईचा राग यायला लागला. एवढं सांगूनही जिला काही वाटत नाही ती आई कसली, असं मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने म्हणाले. तिसऱ्या वेळी तर मी खिडकीत डोकं घालून सांगितलं की असंच चाललं तर मुलीला पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल, तिला डोकं आहे की नाही तेच मला कळत नाही. मागच्या बाकावर ती मुलगी बसलेली होती. तिने ऐकलं का, मला माहीत नाही. त्या आठवड्यात तिच्या प्रगतिपुस्तकात मी पेन्सिलने तसा शेराही लिहून ठेवला.

मग एका सोमवारी, दुसऱ्या तासाला, काका माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. त्या वेळी ते कधीच शाळेत नसत. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. मी मुलांना पाढे लिहायला लावले आणि बाहेर व्हरांड्यात आले. ते दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होते. मी आधीच वैतागलेली. काय झालं ते सांगा, म्हटलं.

"बाई, तिच्या आईला मी तुमचा एकही निरोप दिलेला नाही," ते म्हणाले. "आणि तिच्या आईचा एकही तुम्हाला नाही."

मला आधी नीट समजलंच नाही. मग ते बोलत गेले, भिंतीकडे बघत. माझा पहिला निरोप त्यांनी दिला तो असा, की बाई म्हणाल्या, मुलगी शांत आहे, गुणी आहे. दुसराही तसाच. तिसरा तर त्यांनी तोंडातूनच काढला नाही. आणि तिकडून तिची आई पहिल्या महिन्यापासून विचारत होती, की शाळेत तिला कोणी घाबरवतं का. जेवताना मुलीचा घास हातात तसाच राहतो, डोळे कुठेतरी लागतात. मग तिने विचारलं होतं, बाई मारतात का. सकाळी आरशासमोर वेणी घालताना तिला आरशात मुलीचा चेहरा मधेच रिकामा झालेला दिसतो, असं तिने सांगितलं होतं. आणि मागच्या आठवड्यात तिने निरोप दिला की माझी मुलगी त्या शाळेत राहणार नाही, दाखला तयार ठेवा, बुधवारी मी अर्ज घेऊन येते.

हे सगळं काकांच्या पोटात चार महिने पडून होतं. शुक्रवारी संध्याकाळी मुलीला उतरवताना तिने एक पाय पायरीवर ठेवला आणि ती थांबली. मागून मुलं स्टॅच्यू म्हणून ओरडली. काका नेहमीप्रमाणे हसणार होते, पण या वेळी त्यांनी जवळून तिचे डोळे पाहिले. पापण्या बारीक फडफडत होत्या. गाडी आणि भिंत यांच्यामधून एक मोटरसायकल आली. त्यांनी दप्तराचा पट्टा धरून तिला मागे ओढलं. तिची पाण्याची बाटली तेवढी मोटरसायकलला लागून फुटली. मुलगी भानावर आली आणि तिने विचारलं, काका, आपलं घर आलं? बाटली कशी फुटली ते तिला ठाऊकच नव्हतं.

"तेव्हा मला कळलं," काका म्हणाले. "तुम्ही सांगत होता ते आणि तिची आई सांगत होती ते, एकच होतं. दोघींचं ऐकलेला मी एकटा. आणि मी दोघींनाही सांगत होतो की सगळं छान आहे."

का केलंत असं, मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. व्हॅन घेतली त्या पहिल्याच वर्षी एका शिक्षिकेने निरोप दिला होता, की तुमच्या लेकराला दुसऱ्यांच्या वस्तू उचलायची सवय आहे. काकांनी तो दारात शब्दन्‌शब्द सांगितला. बापाने काका समोर असतानाच त्या लेकराला इतकं मारलं, की काकांना मधे पडावं लागलं. त्यानंतर ते निरोप वाटेत धुऊन न्यायला लागले. दारातली आई दिवसभर उभी राहून आलेली असते, बाई, तिच्या हातात मूल द्यायचं की मुलाची तक्रार द्यायची, असं त्यांनी मलाच विचारलं.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. त्या वेळी ते निवळून पोचवायला मधे कोणी नव्हतं. ते ऐकत राहिले. बोलून झाल्यावर मला त्यांचा जेवढा राग आला होता त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण त्यांच्या त्या धुण्याचा साबण मी अकरा वर्षं आनंदाने वापरला होता.

वर्गात परत गेले. पाढे लिहिणाऱ्या चाळीस डोक्यांत मी तिचंच डोकं बघत होते. पेन्सिल थांबली. मी ओरडले नाही, पट्टी उचलली नाही. मुलं स्टॅच्यू म्हणायला लागली तशी मी त्यांना गप्प केलं आणि तिच्या बाकाजवळ जाऊन खाली बसले. पापण्या खरंच फडफडत होत्या. मी मनात आकडे मोजले. अकरापर्यंत गेले, आणि तिने सात चोक पुढे लिहिलं. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत तसं नऊ वेळा झालं. मी चार महिने तिला नऊ-नऊ वेळा रागावत होते. मला बसवेना, उभं राहवेना. डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मुख्याध्यापिकांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी समिती नेमली असती. शाळा सुटल्यावर मी सरळ व्हॅनमध्ये, काकांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. काकांनी गाडी काढली.

तो प्रवास मी विसरणार नाही. मुलीचं घर शेवटून दुसरं, म्हणजे मधे नऊ घरं. प्रत्येक दारात एक बाई, एखाद्या दारात आजोबा, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला बघून धस्स झालेलं. आमच्या पोराने काय केलं, असं जुळ्यांच्या आईने तर गाडी थांबायच्या आत विचारलं. एवढ्या वर्षांत हे लोक मला पहिल्यांदा जवळून बघत होते आणि मला बघून घाबरत होते. खेळण्यांचं काय झालं ते मी त्यांना विचारलं नाही. मागे मुलं गोंगाट करत होती, गाडी प्रत्येक वळणावर कुरकुरत होती, आणि मी सारखी मागे वळून तिच्याकडे बघत होते. काका पण आरशातून तिच्याकडेच बघत होते. मी त्यांना एकदा ओरडले, रस्त्याकडे बघा.

तिची आई नुकतीच कामावरून आली होती. केसांत दोऱ्याचे तुकडे, बोटाला चिकटपट्टी. एक खोली, मागे स्वयंपाकाची अरुंद जागा, खिडकीखाली चादर घातलेलं शिवणयंत्र. वडील लांबच्या कामावर, महिन्यातून एकदा घरी. माझ्याकडे बघून ती म्हणाली, दाखल्याचा अर्ज बुधवारी आणणार होते मी, तुम्ही कशाला आलात. आवाजात तिने काही झाकलं नाही. मी म्हटलं, काकांना तुमच्याशी बोलायचंय, आणि मला ते ऐकायचंय. मुलगी हातपाय धुवायला मागे गेली.

काकांनी दारातूनच सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं की ते थोडक्यात उरकतील. पण त्यांना सगळं पाठ होतं. कधी कोणी काय म्हणालं, ते शब्द, तो दिवस. वारांपेक्षा त्यांच्या लक्षात मुलांचे कपडे आणि हातातल्या वस्तू असत. पांढऱ्या बुटांचा दिवस होता, बाई तुम्हाला सांगा म्हणाल्या की मुलगी असून नसल्यासारखी. ग्रंथालयाच्या पुस्तकांचा दिवस होता, तुम्ही म्हणालात की घास हातात राहतो. असं एकामागून एक. त्यांनी कोणाचा आवाज काढला नाही, चेहरा केला नाही, नुसते शब्द ठेवत गेले, आणि माझे शब्द मला त्या खोलीत फार वाईट ऐकू आले. 'तिला डोकं आहे की नाही तेच कळत नाही' याच्यापाशी ते एक क्षण अडखळले. मला वाटलं, आता तरी गाळतील. त्यांनी गाळलं नाही.

"बाई, तुम्ही असं म्हणालात?" आईने मला विचारलं.

मी हो म्हटलं. ती बराच वेळ चिकटपट्टीची कड नखाने उचलत राहिली. मग म्हणाली, "मला लागलं तुमचं बोलणं. पण हे मला चार महिन्यांपूर्वी लागायला हवं होतं. मी तेव्हाच भांडायला आले असते शाळेत. भांडता भांडता तुम्हाला त्या आरशातलं सांगितलं असतं." आणि काकांकडे वळून, "तुम्ही मला भांडूही दिलं नाहीत."

काका खाली मान घालून उभे होते. तेवढ्यात मुलगी तोंड पुसत बाहेर आली आणि तिघंही तिच्याकडे असे बघायला लागलो की ती घाबरून आईला चिकटली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, आईने खाडा केला, आणि आम्ही तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो, काकांच्याच गाडीतून. आईला त्यांच्या शेजारी बसायचं नव्हतं. ती मागे मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून, दिवसातून किती वेळा. आई म्हणाली तीन महिने असतील, मी म्हटलं चार, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. मग मी बाहेर जाऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालणाऱ्या काकांना आत आणलं. त्यांनी पांढरे बूट आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांसकट सगळं सांगितलं. डॉक्टरांचा पेन थांबत नव्हता. पालकांकडून इतकी नेमकी माहिती आपल्याला कधी मिळाली नाही, असं ते म्हणाले. ते तिचे पालक नव्हेत, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

मग त्यांनी मुलीच्या हातात एक कागदी भिंगरी दिली आणि सांगितलं, ही फुंकत राहा, थांबायचं नाही, मी सांगेपर्यंत. तिला खेळच वाटला. गाल फुगवून ती फुंकत राहिली, भिंगरी गरगरत राहिली. दोन मिनिटं झाली असतील. फुंकर थांबली. भिंगरी दोन-चार फेरे आपणच फिरली आणि थांबली. मुलीचे डोळे उघडे, पापण्या थरथरत, हात तसाच वर. डॉक्टरांनी तिचं नाव घेतलं, टाळी वाजवली. आईने तोंडावर हात दाबला. आम्ही दोघींनी एकत्र पाहिलेली ती पहिली वेळ. बारा सेकंदांनी मुलीने पुन्हा गाल फुगवले.

डॉक्टर म्हणाले, हा फिटचाच एक प्रकार आहे. अंगाला झटके येत नाहीत, मूल पडत नाही, म्हणून लोकांना वाटतं लक्ष नाही. तेवढे सेकंद तिच्यासाठी नसतातच. डोक्याला तारा लावून तपासणी झाली आणि तिने तेच सांगितलं. औषधाने बहुतेक मुलं बरी होतात, पण डोस हळूहळू बसवावा लागतो, आणि तोवर शाळेत किती वेळा, घरी किती वेळा, ते रोज मोजून एकत्र लिहायला हवं. रस्त्यावर तिला एकटी सोडायची नाही. चार महिने गेले त्याचं काय, असं आईने विचारलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं वाचन भरून निघेल. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी आईला माझा नंबर दिला.

दाखल्याचा अर्ज तिने आणला नाही. प्रगतिपुस्तकातला शेरा मी खोडरबरने पुसला आणि तिथे काय लिहायचं ते न सुचून जागा कोरी सोडली. वर्गात मी मुलांना सरळ सांगितलं की ती थांबते तेव्हा तिला आपण ऐकू येत नसतो, म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. मुलांनी ते किती लवकर मान्य केलं. मला चार महिने लागले होते. पण आईने व्हॅन बंद केली. कारखान्यातली पाळी बदलून घेतली आणि मुलीला हाताला धरून स्वतः आणायला-न्यायला लागली. काकांची गाडी फाटकाशी उभी असली तर ती रस्त्याच्या पलीकडून यायची.

रोज पाच वाजता तिचा फोन यायचा. माझ्याकडे सहा, तुमच्याकडे? माझ्याकडे तीन. एवढंच. पहिले काही दिवस आम्ही दुसरं काही बोललोच नाही. मी तिच्यावर चिडलेली नव्हते, ती माझ्यावर होती, आणि तिचा तो राग मला रोज फोनमधून ऐकू यायचा. मग एक दिवस तिने विचारलं की वजाबाकी तुम्ही कशी शिकवता, मी वेगळी शिकवली तर गोंधळ होईल. मी शिकवली. एकदा मी म्हटलं की मुलीला टाचणी लागली होती, मी औषध लावलंय, तर ती म्हणाली, कळलं मला, ती येताना तेच सांगत होती. आकडे कधी खाली यायचे, कधी पुन्हा वर. डोस वाढवला की मुलगी पेंगायची. दुपारी चार वाजल्यापासूनच मी फोनकडे बघत बसायचे. माझ्या स्वतःच्या मुलांच्या परीक्षांना मी इतकी अस्वस्थ कधी नव्हते.

काका मला रोज खिडकीतून नुसती मान उडवून विचारायचे, कशी आहे. मी हाताने सांगायचे, ठीक. बाकी निरोप त्यांनी घेणं बंद केलं होतं. बाई, तुम्हीच सांगा, म्हणायचे. इतर शिक्षिका त्यांच्यावर चिडल्या. आता एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही दारोदार फिरायचं का, असं त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, हो, फिरा.

सातव्या आठवड्यात एका गुरुवारी फोन आला. "माझ्याकडे आज एकही नाही," आई म्हणाली. मी वहीत पुन्हा एकदा बघितलं, दिवसाचा प्रत्येक तास बघितला, आणि म्हटलं, माझ्याकडेही नाही. मला ती रडताना ऐकू येत होती आणि तिला मी. मग ती म्हणाली, काकांना सांगा. मी म्हटलं, सांगते. ती म्हणाली, आणखी एक सांगा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी व्हॅनच्या खिडकीशी गेले. तिच्या आईचा निरोप आहे, म्हटलं, काल दिवसभरात एकदाही झालं नाही, घरी नाही, शाळेत नाही. काकांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मागच्या मुलांना वाटलं काका झोपले, ती हसायला लागली. मी तिथेच थांबावं असं मला फार वाटलं. एवढ्या आठवड्यांनी त्या माणसाला काहीतरी चांगलं ऐकायला मिळालं होतं. दुसरा अर्धा भाग मी गिळला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं, हा विचार माझ्या मनात आला, अगदी सहज आला.

काकांनी डोकं वर केलं. "आणि?" त्यांनी विचारलं.

"आणि तिने सांगितलंय की तिचा राग अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा ती स्वतः येऊन तुम्हाला सांगेल."

"असंच म्हणाली?"

"असंच. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही."

त्यांनी दोनदा मान हलवली. मागे तेरा मुलं घरी जायची घाई करत होती, म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.